दोनशे वीसची गाडी

तांबटआळी इतकी अरुंद, की समोरून म्हैस आली तर माणसाने मुकाट्याने जवळच्या दुकानात शिरावं. त्या आळीत मंदाताई शेवड्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. एके दुपारी अ‍ॅनिमेशन संस्थेचे अध्यक्ष धैर्यधरराव भोईटे घामाने निथळत, पण रुबाबात तिथे आले आणि दोन ग्राफिक्स कार्डांची माहितीपत्रकं त्यांनी टेबलावर आपटली.

"बाई, हे दुसरं कार्ड सेकंदाला दीडपट गणितं करतं, असं इथे छापलंय! तरी तुम्ही पहिलंच घ्या म्हणता? पटवून द्या, नाहीतर चाळीस कार्डांची ऑर्डर दुसरीकडे!"

"साहेब, दुसऱ्यात मेमरीतून आकडे आणायची वाट निम्म्याने अरुंद आहे."

"वाट गेली खड्ड्यात! ताकद बघा, ताकद!"

मंदाताईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "बरं. तुमची नवी गाडी किती पळते हो?"

"ताशी दोनशे वीस!" अध्यक्षांची छाती फुगली.

"मग आळीच्या तोंडाशी ती सोडून चालत का आलात?"

धैर्यधररावांनी तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा झाला तरी खाली आणेनात. शेवटी तांब्याआडूनच पुटपुटले, "पहिलंच द्या."