उलटा शेवगा

एका गावात एक घोंगडी होती. ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती, साऱ्या गावाची होती. काळी, जाड, उन्हाची तिरीपही आत न येऊ देणारी अशी ती घोंगडी एरवी ग्रामदेवीच्या देवळात घडी घालून ठेवलेली असे. ज्या घरी मृत्यू होई, त्या घराच्या परसाकडच्या खिडकीवर गावचा पाटील स्वतः ती टांगत असे, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत ती तिथून हलत नसे. गाव लहान होते. एक घोंगडी पुरत असे.

दुःखाच्या घरात उजेड आला तर गेलेल्या माणसाचा अपमान होतो, असे गाव मानत असे. हा नियम कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तसे विचारण्याचे धाडसही कोणी केले नव्हते.

त्याच गावात एक विणकर आणि त्याची बायको मागावर लुगडी विणत. एका वर्षी थंडीच्या तोंडाशी विणकर तापाने गेला. पाटील आला, त्याने खिडकीवर घोंगडी टांगली आणि खोलीत दिवसाच अंधार झाला.

विणकरीण आधी खूप रडली. मग रडणेही थांबले, आणि ते अधिक वाईट होते. अर्धे विणलेले लुगडे मागावर तसेच ताणलेले होते. आडवे सूत नेणारा धोटा नवऱ्याने ठेवला होता त्याच जागी पडून होता. अंधारात सुताचा रंग कळत नव्हता, म्हणून विणता येत नव्हते. आणि विणायचे नाही तर उठायचे तरी कशासाठी, हे तिला उमगत नव्हते. शेजारीण सकाळी भाकरी आणून ठेवी आणि संध्याकाळी ती तशीच परत नेई.

"अगं, दोन घास तरी खा," शेजारीण म्हणे.

"कशासाठी?" विणकरीण विचारी.

शेजारीण मग भाकरी फडक्यात गुंडाळी.

एके दिवशी सकाळी विणकरीण अशीच बसली असताना समोरच्या भिंतीवर काहीतरी हलले. ती भिंत पांढरी होती. मागावर उजेड चांगला पडावा म्हणून नवऱ्यानेच तिला चुना दिला होता. त्या भिंतीवर आता एक झाड उमटले होते, पण ते उलटे होते. बुंधा छताकडे, शेंडा जमिनीकडे. तळाशी निळे आकाश पसरले होते आणि त्या निळ्यात शेवग्याच्या फुलांचे पांढरे झुबके डोलत होते.

तिने डोळे चोळले, मग मागे वळून पाहिले. घोंगडीला कसर लागून मुगाच्या दाण्याएवढे एक भोक पडले होते. बाहेर परसात लख्ख ऊन आणि आत गडद अंधार. त्या एवढ्याशा भोकातून तिचे सारे परस उलटे होऊन आत आले होते. खोली जितकी अंधारी, तितके ते चित्र स्पष्ट.

एक खार शेवग्यावर सरसर चढू लागली, म्हणजे भिंतीवर ती सरसर खाली घसरू लागली. तेवढ्यात शेजारणीची शेळी आली. चारी पाय वर करून ती छताच्या कडेकडेने मोठ्या ऐटीत चालत गेली आणि कुंपणावर वाळत घातलेले पातळ चघळू लागली. पाठोपाठ हातात काठी घेऊन शेजारीणही धावली, डोके खाली आणि पाय वर. आवाज तेवढा सरळ येत होता.

"अगं सटवे, सोड! नवं पातळ आहे माझं!"

विणकरीण हसली. आधी ओठांत, मग तोंडावर पदर धरून, आणि शेवटी पदर सोडून खळखळून हसली. भिंतीवरची उलटी शेजारीण काठी उगारलेलीच थबकली. त्या घरातून हसू यावे, हे तिच्या कानांना पटेना.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. विणकरीण नवऱ्याला विसरली नव्हती. हसून झाल्यावर ही गंमत सांगायला तो नाही, हे तिला जाणवले आणि ती रडली. पण त्या दिवशी तिने भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी खोलीचा केर काढला. तिसऱ्या दिवशी ऊन परसात उतरण्याआधीच ती तोंड धुऊन भिंतीसमोर येऊन बसली, कारण फुलांतला मध प्यायला एक चिमुकला शिंजीर पक्षी येतो आणि तो उलटा लटकला की भिंतीवर सरळ दिसतो, हे तिच्या ध्यानात आले होते.

भिंतीवरच्या उलट्या खारीची आणि शेळीची गंमत तिने शेजारणीला सांगितली, आणि तिच्या हसण्याची बातमी गावभर झाली. पाटील चार वडीलधाऱ्यांना घेऊन आला. पाटलीणबाईही सोबत होत्या.

"काय गं, तू हसलीस?" पाटलाने दारातूनच विचारले.

"हसले."

"मोठ्याने?"

"शेळीही तशी मोठीच होती, पाटील."

मागे कोणीतरी खुदकन हसले. पाटलाने वळून पाहताच ते हसू खोकल्यात बुडाले. पाटील आत आला, घोंगडीजवळ गेला आणि त्याला भोक सापडले. त्याने सुई आणि काळी लोकर मागवून विणकरणीपुढे धरली.

"तू विणकरीण आहेस. तुझ्याच हाताने हे रफू कर. मग देवीसमोर चल आणि चूक झाली म्हण. एवढं केलंस की गाव सगळं विसरेल."

काम चार टाक्यांचे होते. तिच्या हातांना ते डोळे मिटूनही जमले असते. नकार दिला तर गाव तोंड फिरवणार, हे तिला कळत होते. आणि होकार दिला तर उद्या सकाळी उठायचे कशासाठी, हा प्रश्न पुन्हा समोर येऊन बसणार, हेही कळत होते. तिने भिंतीकडे पाहिले. उलटा शेवगा वाऱ्यावर हलत होता.

"पाटील," ती म्हणाली, "माझा माणूस गेला तेव्हा मी रडले. कोणी सांगितलं म्हणून रडले नाही. परवा हसले, तेही कोणाला विचारून नाही."

"आणि गेलेल्याचा मान?"

"ह्या भिंतीला चुना त्यानं दिला. घरात उजेड यावा म्हणून दिला. तुम्ही तो उजेड झाकता आणि मान ठेवला म्हणता. मी हे भोक बुजवणार नाही. चूक झाली असंही म्हणणार नाही. चूक झालीच नाही तर कशी म्हणू?"

एवढे बोलून तिने खुंटीवरून घोंगडी ओढली, तिची नीट घडी घातली आणि पाटलाच्या हातांत ठेवली. ऊन एकदम आत आले. वडीलधाऱ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. भिंतीवरचा उलटा शेवगा पुसला गेला, पण खिडकीत खरा शेवगा ताठ उभा होता.

पाटलाचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे. आजपासून ह्या गावात तुझं कापड कोणी घेणार नाही. तुझ्याशी कोणी बोलणार नाही."

"शेळीलाही सांगा मग," विणकरीण म्हणाली, "ती रोज येते."

सगळे निघाले. पाटलीणबाई जरा मागे रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरंच का गं खार उलटी दिसली?"

"हो, पाटलीणबाई. वर चढताना खाली येत होती. आणि शेपटी…" सांगता सांगता विणकरणीला पुन्हा हसू आले. पाटलीणबाईंनाही आले, पण त्या पाटलाच्या मागे घाईने चालू लागल्या.

घरी गेल्यावर पाटलाने रफूचे काम पाटलीणबाईंनाच सांगितले. त्यांनी ते केले, पण दोऱ्याचे टोक बोटभर लोंबते ठेवले.

"हे कापलं का नाहीस?" पाटलाने विचारले.

"राहू द्या. पुढेमागे उसवावं लागलं तर सापडायला हवं."

"कोण उसवणार आहे?"

पाटलीणबाईंनी घोंगडीची घडी घातली आणि ती देवळात पाठवून दिली.

विणकरणीशी बोलणे गावाने बंद केले. शेजारीण तेवढी रोज परसात उभी राहून शेळीशी मोठमोठ्याने बोलत असे: आज नदीला पाणी किती आहे, कोणाकडे बारसे आहे, भाकरीला पीठ हवे असेल तर कुंपणावरून हात कर. शेळीला यातले काही कळत नसे. ज्या बाईला कळायला हवे तिला सारे कळत असे. विणकरणीने अर्धे राहिलेले लुगडे पुरे केले, आणि ते डोक्यावर घेऊन घाटाखालच्या बाजारात गेली.

पुढच्या थंडीत पाटलीणबाई वारल्या.

पाटील कठोर होता, पण लबाड नव्हता. नियम सर्वांना सारखा, असे म्हणून त्याने स्वतःच्या हातांनी आपल्या खिडकीवर घोंगडी टांगली आणि तो अंधारात बसला. आता त्याच्या घरातूनही ताटे भरलेली परत येऊ लागली. चावडीची कामे खोळंबली. कोणी काही विचारायला आले की आतून एकच शब्द येई: "कशासाठी?"

हे विणकरणीच्या कानावर आले. पाटलाच्या परसात पाटलीणबाईंनी पक्ष्यांच्या पाण्यासाठी मातीचा एक पसरट परळ ठेवला होता. तो कोरडा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन तिथे गेली. पाटलाच्या गड्याने तिला अडवले.

"तुला इथं बंदी आहे."

"माणसांशी बोलायला बंदी आहे," ती म्हणाली. "मी चिमण्यांचं पाणी भरायला आले आहे. सरक बाजूला."

गडी सरकला. ती रोज येऊ लागली.

आत पाटलाला चिमण्यांचा कलकलाट आणि पंखांची फडफड ऐकू येऊ लागली. परळ कोण भरते, हे त्याला कळेना. एका सकाळी तो उठून घोंगडीपाशी गेला. चाचपडताना बोटाला काहीतरी लागले. लोकरीचे लोंबते टोक. पाटलीणबाईंच्या हातचे.

पाटलाने ते टोक बोटाभोवती गुंडाळले. हुकूम त्याचा होता आणि दोरा तिचा होता. शेवटी त्याने दोरा ओढला. टाके एकामागून एक सुटत गेले, जणू ते सुटण्यासाठीच घातले होते.

समोरच्या पांढऱ्या भिंतीवर परस उतरले. वर परळ उलटा टांगलेला, आणि त्यात चिमण्या पंख झाडत होत्या. उडालेले थेंब खालच्या निळ्या आकाशाकडे झेपावत आणि पुन्हा वर परळात जाऊन पडत. शेजारी विणकरीण उभी होती, पाय छताला लागलेले, हातात घागर. ती शांतपणे पाणी ओतत होती, आणि पाणी वर चढत होते.

पाटलाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तो हुंदका होता की हसू, हे त्यालाही सांगता आले नसते. त्याने घोंगडी काढली आणि ती हातात घेऊन तो परसात आला. पाहता पाहता लोक जमले.

"पाटील, अजून वर्ष सरायचं आहे!" एक वडीलधारा म्हणाला.

"ठाऊक आहे," पाटील म्हणाला. मग तो विणकरणीकडे वळला. "डोकं खाली, पाय वर. तरी घागरीतला एक थेंब सांडला नाहीस."

विणकरणीने घागर खाली ठेवली. "पाटील, तुम्ही हसलात?"

"हसलो."

"मोठ्याने?"

"ते उद्या बघू," पाटील म्हणाला, आणि सगळ्यांदेखत त्याचे डोळे भरून वाहू लागले.

सकाळचा गारठा होता. विणकरणीने त्याच्या हातातल्या घोंगडीकडे बोट दाखवले. "खांद्यावर घ्या. थंडीत पांघरायची असते ती."

पाटलाने ती अंगाभोवती लपेटली आणि तो परळाशेजारच्या दगडावर उन्हात बसला. मागे त्याची खिडकी उघडी होती. शेजारीणही त्या गर्दीत होती. ती पुढे झाली आणि शेळीला नव्हे, सरळ विणकरणीलाच म्हणाली, "चल गं, भाकरी खाऊ."

त्या गावात आजही दुःखाच्या घरी घोंगडी नेतात. ती माणसाच्या खांद्यावर घालतात, खिडकीवर टांगत नाहीत. तिचे भोक कोणी रफू केलेले नाही.

तात्पर्य: दुःख कितीही खरे असले, तरी उजेड अडवण्याचा अधिकार त्याला नाही. एका खारीसाठी, चार चिमण्यांसाठीसुद्धा माणसाने हट्टाने खिडकी उघडी ठेवावी, आणि त्याबद्दल कोणाचीही माफी मागू नये.