निळ्या आयरिसची पानं

"...मग गेल्या वर्षीचाच फोटो पाठवून देऊ का, बुवा?"

निरंजनबुवा मठामागच्या वाफ्यात खुरपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"मालूताईंना. माझं निळं आयरिस इथून जाताना त्यांनीच दिलेलं. आता पुण्याला लेकीकडे असतात. नजर जातेय त्यांची... पुढच्या वसंतात काही दिसणार नाही म्हणतात. रोज विचारतात, फुललं का? आणि माझ्याकडे नुसती पानं. एक कळी नाही!"

विचारणारे श्रीरंगराव चिटणीस निवृत्तीनंतर कुमाऊंच्या या डोंगरात येऊन राहिले होते. थंडी सरत आली की आयरिस लावणाऱ्यांचा मोबाइलवरचा गट जागा होई. कुणाचा कोंब, कुणाची कळी... पण फोटो म्हणाल तर श्रीरंगरावांचाच. ते तसं कुणाला विसरूही देत नसत म्हणा.

बुवांनी हात झटकले. "बघू तो फोटो."

मागे काळं कापड, मधोमध एकच निळं फूल.

"पानं कुठं गेली?"

"छाटली. मधे मधे येतात हो. बहर संपला की उरलेलीही काढून टाकतो. वाफा कसा लख्ख दिसतो!"

"पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी पानंच बांधतात, श्रीरंगा. उन्हात बसून."

श्रीरंगरावांचा चेहरा पडला. साऱ्या गटाला छाटणी शिकवणारा माणूस...

बुवा उठून खताच्या ढिगाकडे गेले. श्रीरंगराव मागोमाग.

ढिगाच्या कडेला, पानांच्या गचपणात, एक निळं फूल उमललं होतं.

"हे... हे मालूताईंचंच!"

"दोन वर्षांपूर्वी तू वेडावाकडा म्हणून या ढिगावर टाकून दिलेला गड्डा. इथंच रुजला."

श्रीरंगरावांना भडभडून आलं. लगेच त्यांनी मोबाइल काढला, आणि दुसऱ्या हाताने खिशातली कात्रीही. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बुवा, छाटू नको म्हणता. पण दांडा आखूड आहे, फूल पानांत लपलंय. ताईंना दिसणार कसं? त्यांच्यासाठी पुढचा वसंत नाहीच... मग शिदोरी कुणासाठी ठेवायची?"

बुवा ढिगाशी उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी पानं अलगद बाजूला धरली.

"तुमचे हात येतायत फोटोत. मातीचे."

बुवांनी एक पान आणखी मागे सारलं.

"काढू असाच?"

बुवांनी हात काढले नाहीत.

श्रीरंगरावांनी नाइलाजाने फोटो काढला. असला फोटो त्यांनी जन्मात कुणाला पाठवला नव्हता. आज पाठवला, आणि उगाच ढिगाभोवती येरझारा घालत राहिले.

थोड्या वेळाने मोबाइलवर मालूताईंचा आवाज आला. "दिसलं रे! निळं दिसलं. तुझ्या त्या काळ्या फोटोंत फूल कुठं आहे तेच कळायचं नाही मला. हे मठातलं ना? ते हात बुवांचे, ओळखले मी. तुझे नाही दिसले कुठं..."

श्रीरंगराव गोंधळून बुवांकडे पाहू लागले.

"माझे कसे दिसतील? माझ्या हातात तर मोबाइल होता... होय ना, बुवा?"

बुवांनी पानं न सोडता मान डोलावली.

"तो दे इकडं. पानं धर."