धूमेने मागितलेले उभेपण

पूर्वी कृतयुगाच्या अखेरीस, क्षयनाम संवत्सरी, ऐन ग्रीष्मात, ज्येष्ठ वद्य नवमीस तमोवनातील शेवटचा झरा आटला. तेव्हा मनुष्य चार पायांनी चालत असे. पोर आईच्या पाठीवरचे केस मुठीत धरून बसे. ज्याची मूठ सुटली ते मागे राही, आणि मागे राहिलेल्यासाठी कोणी थांबत नसे. कुळाचा नियमच तसा होता.

वृद्ध धूमेची दोन नातवंडे अशीच गवतात राहिली. धूमा थेट प्रजापतीपुढे गेली.

"वाघाला नखे दिलीस, हरणाला वेग दिलास, कासवाला पाठ दिलीस. आमच्यासाठी काय ठेवलेस?"

"तुम्ही उशिरा आलात, धूमे. झोळीत एकच वस्तू उरली आहे. बैलाने हुंगून सोडली ती."

"दाखव तर."

"दोन पायांवर उभे राहणे. दृष्टी गवतावरून जाईल, हात मोकळे होतील, हातांमुळे बुद्धी वाढेल, बुद्धीमुळे मस्तक. अंगावरचे केसही झडतील. पण उभ्या देहाची कंबर अरुंद असते. त्या वाटेने मोठे मस्तक येताना आईच्या प्राणावर बेतेल. म्हणून ही वस्तू ऋण म्हणून मिळेल. पहिली फेड तुझ्या घरातून घेईन."

"घे. माझे वय झाले आहे."

प्रसूतीचे वय सरलेल्या स्त्रीने आपलाच देह देऊ केला. प्रजापतीने तिची चूक सुधारली नाही.

मनुष्यकुळ उभे राहिले. गवताच्या सागरापलीकडे पाण्याची रेघ दिसली. स्त्री-पुरुषांनी पोरे कवेत घेतली आणि सारे चालू लागले. दुसऱ्या प्रहरी धूमेची लेक इरावी हिला कळा लागल्या. ती खाली बसली.

कुळाचा मुख्य खर्वक म्हणाला, "चला. राहिली ती राहिली. म्हातारे, तूही ऊठ. तुझ्या रडण्याने पाणी जवळ येणार नाही."

धूमा लेकीजवळ बसली. कुळ पुढे गेले.

सूर्य कलला तरी मूल येईना. प्रजापती समोर येऊन उभा राहिला.

"मागितलेले अजूनही परत करता येईल, धूमे. सारे पुन्हा चार पायांवर जातील. हिची कंबर रुंदावेल, ही जगेल."

धूमेने तोंड उघडले. इरावीने तिचे मनगट धरले.

"आई, सगळ्यांच्या हातांत पोरे आहेत. हात भुईला लागले की ती गवतात पडतील. धरायला आता केसही नाहीत."

"आणि तू?"

"माझ्याजवळ तू बसलीस ना. आजवर कुणाजवळ कोण बसले?"

धूमेने तोंड मिटले.

मुलगी जन्मली आणि इरावी गेली. मुलीला मान सावरता येईना, मुठीने धरून राहता येईना. धूमेच्या अंगी दूध नव्हते.

तेवढ्यात गवतातून खर्वक परत आला. मागे एक लेकुरवाळी होती.

"नियम कुठे गेला?" धूमेने विचारले.

"उभे राहिल्यावर मागचे दिसते," तो म्हणाला. "तुम्ही दोघी दिसत होतात."

लेकुरवाळीने आपले पोर त्याच्याकडे दिले आणि इरावीच्या मुलीला छातीशी घेतले. तेव्हापासून मनुष्याचे पोर सर्व प्राण्यांत दुबळे जन्मते आणि अनेक हातांवर वाढते. आणि वाघासारखी नखे नसलेला हा प्राणी दाही दिशांना नांदतो.

प्रजापतीने इरावीच्या कपाळावर हात ठेवला. धूमेच्या वाट्याचे ऋण फिटले.