केसरनं मागितलेला माग

ऐनाच्या झाडांच्या जंगलाला टेकलेलं एक चिमुकलं गाव होतं. तिथं घरोघरी कोशाचं सोनेरी रेशीम विणलं जायचं. मग यंत्राचं कापड आलं आणि एकेक माग चुलीत गेला. उरला तो केसरच्या घरचा, आणि तोही मुका. करवतीच्या दातांसारखी किनार विणायची तर आडवा दोरा नेणारे धोटे फेकायला दोघं लागतात, एक या काठाला, एक त्या काठाला. त्या काठाला केसरची माय बसायची. ती पोळ्याच्या आधीच गेली होती, आणि बा खोकून खोकून अंथरुणाला खिळला होता.

एका सकाळी बा म्हणाला, "पोरी, उद्या माग मोडू. चुलीले लाकूड तं होईन."

भरपूर सरपण आणलं तर बा माग मोडणार नाही, असं वाटून केसर जंगलात पळाली. ऐनाच्या फांदीवर रेशीमकिड्याचा एक कोसा लोंबत होता आणि लाल मुंग्यांची रांग त्याच्यावर चढत होती. आतल्या इवल्याशा जिवाची तिला दया आली. दुपारभर ती मुंग्या वेचत राहिली. बोटं सुजली, सरपण राहूनच गेलं.

ऊन कलताना कोसा उघडला. आतून अंगठ्याएवढी परी निघाली, मधाच्या रंगाचे पंख झुळझुळवत.

"तोंडून पहिला निघेल तोच शब्द खरा होईल, आणि एकदाच," परी हळूच म्हणाली. "आता माग."

बाचा खोकला बरा कर, हेच केसरच्या ओठांवर होतं. पण कोष्ट्याच्या, विणकराच्या घरात 'माग' या शब्दाचा एकच अर्थ असतो, आणि पऱ्यांना ते काय ठाऊक! केसर गोंधळून म्हणाली, "माग?"

"दिला," परी म्हणाली.

केसर धाय मोकलून रडली. तिला बा हवा होता. परीचेही डोळे भरले, पण दिलेलं फिरवणं तिच्या हाती नव्हतं.

"तो माग आता कुणाला मोडता येणार नाही," ती म्हणाली, "आणि त्याच्यावर बसणारं कधी एकटं पडणार नाही." एवढं बोलून ती उजेडात विरघळली.

घरी मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा लखलखत होता. तो पाहून बा उठला. त्यानं केसरला मायच्या जागी बसवलं. तो धोटा जरा जोरातच फेकायचा आणि तिचा चुकला की हसायचा. खोकला मात्र थांबला नाही. थंडी सरता सरता बा गेला. दोघांनी विणलेलं कापडच त्याच्यावर घातलं.

तेराव्यानंतर केसर एकटी मागावर बसली. बाचा काठ रिकामा होता. तिनं धोटा फेकला. पलीकडे मधाच्या रंगाचा उजेड लुकलुकला आणि विझला.

धोटा परत आला. जरा जोरातच.