दुर्पाआईचं गाऱ्हाणं

फार वर्षांपूर्वी, खाडीत अजून लाँच येत नव्हती आणि डोंगरावर रस्ता नावाची चीज नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या खैरखोलच्या बारा वाड्या तेव्हाही अशाच डोंगराला चिकटून होत्या आणि तिथे दुर्पाआई नावाची सुईण राहायची. ही गोष्ट सांगताना मला दम धरवत नाही, तेव्हा मध्ये कुणी बोलू नका.

दुर्पाआईला सात मुलं झाली आणि जगली एकच, शेवंती. दुसरी एखादी कपाळाला हात लावून बसली असती. ही उठली आणि लोकांची पोरं जगवायला लागली. कुणाची नाळ कापली, कुणाला पेज करून नेली, कुणाचं आई गेलेलं तान्हं महिनोन्‌महिने पदराखाली वाढवलं. दोन वाड्यांत दोघी एकदम अडल्या, तर दुर्पाआई एकाच वेळी दोन्ही घरांत दिसायची, असं म्हणतात. मी काही पाहिलं नाही, पण दोन्ही घरची माणसं शपथेवर सांगायची.

तर एका शिमग्याला तिची शेवंती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. शिमग्यात आमची जाखमाता देवळातून निघते, पालखीत बसते आणि पाच दिवस घरोघर जाते. ज्यांनी पालखीला खांदा दिला, त्यांना पाच दिवस कडक सोवळं. अडलेल्या बाईच्या दारावरून जाणंसुद्धा त्यांना वर्ज्य होतं. आणि खांदा कोण देणार? गावातले सगळे धडधाकट पुरुष.

तिसऱ्या दिवशी पहाटे शेवंतीला कळा सुरू झाल्या. ऊन चढलं, दुपार झाली, तरी सुटका होईना. मूल आडवं होतं. ज्या हातांनी बारा वाड्यांची पोरं जगात आणली, ते हात स्वतःच्या लेकीपाशी थांबले. बंदरावर एक डॉक्टरीणबाई राहायची, पण बंदर तीन कोस खाली, आणि उतार असा की रिकामं माणूससुद्धा झाडं धरत उतरतं. दुर्पाआईनं शेवंतीचा हात शेजारणीच्या हातात दिला आणि ती धावत निघाली.

सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, पालखी बसलेली. भोवती सगळा गाव. ढोल वाजत होते. गावचा मुख्य मानकरी राघोजी गावकर. दुर्पाआई थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"राघोबा, माजी शेवंती अडलीय. दहा मानसं दे. बंदरावर न्यायची हाय."

राघोजीची तिन्ही पोरं तिच्याच हातची. त्याचा चेहरा उतरला. "आये, दुसरं कायबी माग. पन खांद्यावर देवी हाय. इटाळ झाला तर गावावर कोप व्हईल."

बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. मला आजही त्यांचा राग येतो. कीवही येते, कारण त्यांची भीती खोटी नव्हती.

"बरं," दुर्पाआई म्हणाली. "मग देवीलाच सांगते."

आता गाऱ्हाणं कसं घालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एकानं देवीला सांगायचं आणि प्रत्येक मागणीला सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. आईच्या कडेवर असल्यापासून म्हणत आलेलो आपण, मन ऐकायच्या आधी जीभ बोलते. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती, पण दुर्पाआईनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि तिला थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

"बाराही वाड्यांच्या आये, तुजी लेकरं आज तुज्या पायाशी हायत. त्यांच्या गुरावासरांना सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"त्यांच्या शेताभाताला बरकत दे."

"व्हय म्हाराजा."

"तू बी आई, मी बी आई. माजी पोर तुज्या पालखीत बसंल, तू तिच्या मांडीवर बस, आन् ही तुजी लेकरं तुमा दोघींना बंदरावर पोचवतील."

"व्हय म्हाराजा."

बोलून गेले आणि ढोल थांबला. दोनशे तोंडांतून शब्द सुटला होता, तोही देवीच्या समोर. राघोजीनं मुंडासं काढलं, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "शबुद दिला. उचला."

आणि मग काय सांगू तुम्हाला. शेवंती पालखीत, देवी शेवंतीच्या मांडीवर, दुर्पाआई दांडी धरून शेजारून पळतेय. एरवी पालखी नाचवणारे ते खांदे, पण त्या दिवशी पालखीतल्या तांब्यातलं पाणी सांडलं नाही, असं म्हणतात. ढोलवाले पुढे धावले, आवाज ऐकून वाडी-वाडीतली माणसं कोयते घेऊन आली आणि करवंदीच्या जाळ्या तोडून वाट रुंद करत गेली. बंदराच्या अलीकडे खाडीचा फाटा आडवा येतो. भरतीची वेळ होती. पालखी काठाला आली आणि पाणी गुडघ्यापाशी थांबलं, असं म्हणतात. बंदरावरचे खलाशीही सांगायचे की त्या दिवशी भरती उशिरा आली.

दिवस मावळायच्या आत डॉक्टरीणबाईनं मूल फिरवलं. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. शेवंती जगली. दुर्पाआई अंगणात मटकन बसली आणि सात बाळंतपणांत रडली नव्हती एवढं रडली.

गाव वर्षभर कोपाची वाट बघत राहिलं. त्या वर्षी बारा वाड्यांत एकही बाई बाळंतपणात गेली नाही.

म्हणून आमची पालखी इतर गावांच्या पालखीपेक्षा दोन हात लांब आहे, माणूस आडवं मावेल एवढी. आता खाली रस्त्यापर्यंत गाडी येते, पण वरच्या वाड्यांतून अडलेली बाई उतरते ती पालखीतूनच, शिमगा असो नसो. आणि शिमग्याचं शेवटचं गाऱ्हाणं त्या वर्षी आई झालेली बाईच घालते. ती म्हणते, कुणाची लेक अडली तर तिला खांदा मिळू दे. इथे मात्र गाव लगेच बोलत नाही. बाई थांबते, ढोल थांबतो, प्रत्येक जण ते पुरतं ऐकून घेतो. आणि मग ज्यांच्या खांद्यावर पालखी असते, ते सगळ्यांत आधी म्हणतात, व्हय म्हाराजा.