उबेचा तुकडा

हिंमत असेल तर यातला एक शब्द खरा मानून दाखव. भलेभले हसत उठून गेलेत. बस.

एकदा एक देश होता. एवढा अफाट, की गाय चुकली तर हुडकायला गेलेला माणूस म्हातारा होऊन परतायचा. थंडी अशी, की थुंकी खाली पडेस्तोवर तिचा खडा. अर्धं वर्ष बर्फ, आणि झाड म्हणशील तर दात कोरायला काडी मिळायची नाही. मग चुलीत घालायचं काय? गोवऱ्या. बाया उन्हाळाभर थापायच्या, हिवाळाभर जाळायच्या. ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघत नाही ते घर मेलं, असं त्या लोकांत मानायचे. शेजारीपाजारी लगेच दारात रडायला हजर.

माती मात्र काळीभोर. आजे-पणजे म्हणायचे, हिला खत कशाला? आजे-पणजे गेले, आणि गव्हाच्या ओंब्या करंगळीहून आखूड झाल्या.

तिथला एक शेतकरी एका शहाण्या म्हाताऱ्याचा शिष्य झाला. शिष्य म्हणजे पोरगं नव्हे, चांगला दाढीवाला बाप्या. घरी आई, बायको आणि एक लहानगी पोर. उपासानं बायकोचं दूध आटलेलं, पोरीच्या बरगड्या वर आलेल्या.

"बाबा, रान पिकत नाही. पोर जगायची नाही माझी. काय करू?"

"चुलीत काय जाळतोस?"

"गोवऱ्या. दुसरं काय, हाडं जाळू?"

"बरं," म्हातारा म्हणाला, "जेवायला येतो तुझ्याकडं."

आला तो ऐन थंडीत. पोटभर जेवला, दाढीला बोटं पुसली, आणि बाहेर जाऊन गोवऱ्यांची सगळी रास बर्फावरनं ओढायच्या गाडीत भरली. शेतात नेऊन बर्फावर पसरून टाकली. बायकोनं हंबरडा फोडला. शिष्य मागं धावला.

"बाबा, चळलात काय? पोर गारठून मरेल!"

"गोठ्यात चला. गाईंच्या पोटाला पाठ लावून झोपा. भाकरीपुरतं गवत पेटवा."

गेले बिचारे गोठ्यात. धुराडं थंड पडलं तसे शेजारी आले, दारात बसून ऊर बडवायला लागले. आतून ही मंडळी शेणानं माखलेली बाहेर आली. शेजाऱ्यांची हसून मुरकुंडी वळली.

आईला ते सोसवेना. "मी जिवंत असताना लोक माझ्या दारात रडून गेले! सून म्हणून आले या घरात, आता गाय म्हणून मरू?" तरातरा घरात गेली. म्हातारी बिलंदर. खाटेखाली गोवऱ्या आधीच दडवून ठेवलेल्या. हिवाळाभर तिच्या धुराड्यातून धुराची एक बारीक दोरी निघत राहिली. शिष्याला दिसत होती. तो मान खाली घालायचा.

उन्हाळ्यात रान असं उठलं की बघत राहावं. पोरीला गाल आले. फक्त एका कडेला पिवळा, मेंगळट तुकडा. गोवऱ्या तिथवर पुरल्याच नव्हत्या. शिष्यानं म्हाताऱ्याला आणून दाखवला. मागनं काठी टेकत आई आली.

म्हातारा खाली बसला, मूठभर माती उचलली. "हिच्या पोटातलं आपण खातो. तुझ्या आज्या-पणज्यांनी हिचा घास चुलीत घातला आणि ऊब घेत बसले. कुणालाच दिसलं नाही, कारण सगळ्यांचंच रान थोडंथोडं मरत होतं. ही एवढी जागा तुझ्या आईच्या उबेची. तिला बोल लावू नकोस. म्हाताऱ्या हाडांना थंडी सोसत नाही. पण कुणीतरी उबेला बसलं, म्हणून ही उपाशी राहिली. एवढंच आहे ते."

आई बघत राहिली. मग फस्सकन हसली. "मेल्या, ही तर माझ्या खाटेएवढीच आहे की रे!" काठीनं तुकड्याभोवती रेघ ओढली आणि म्हणाली, "मग मला इथंच घाला."

पुढच्या थंडीत ती शिव्या देत देत गोठ्यात आली, आणि तिथंच तांबड्या गाईला पाठ लावून गेली. अंग ऊन होतं तिचं. रडायला कुणी आलं नाही. धुराडं थंड, पण शेजारी आधीच रडून आणि हसून गेले होते ना. जमीन दगड झालेली, कुदळ चालेना. बर्फ वितळेपर्यंत तिला घरामागं बर्फातच ठेवली. मग त्या तुकड्यात पुरली.

त्या साली तिथला गहू सगळ्यात उंच आला. सून म्हणाली, "यातला दाणा घरात नको. मी शिवणार नाही." बाकीचं रान कापून झालं, तेवढाच गहू वाऱ्यात उभा. ढग काळे व्हायला लागले. म्हातारा बांधावर बसून होता, पण हो म्हणाला नाही की नको म्हणाला नाही.

शिष्यानं विळा घेतला. एकट्यानं कापलं, एकट्यानं दळलं, एकट्यानं भाकर थापली. पोरीनं हात पुढं केला. "आजीनं दिलीय," तो म्हणाला. पोरीनं खाल्ली, आणि एक तुकडा बापाच्या तोंडात कोंबला.

गोड होती रे भाकर. तेच त्याला सोसेना. पण चावली त्यानं, गिळली. मग बाहेर गेला, गोठ्यातलं ओलं शेण पाटीत भरलं आणि रानाची वाट धरली.

झालं. तोंडाकडं काय बघतोस? तुझी चूल पेटली असेल घरी. जा आता.