जवळच

फार जुनी गोष्ट आहे. एका उंच डोंगरावर हिवाळाभर बर्फ पडे आणि उन्हाळाभर एक थेंबही पडत नसे. तिथली माती खड्यागोट्यांची होती. बर्फ वितळला की पाणी तिच्यातून सरसर खाली निघून जाई.

एका वसंतात तिच्यात देवदाराचं बी रुजलं. इवल्या रोपाने मातीला विचारलं, “मावशी, पाणी किती लांब आहे गं?”

पाणी दोन हात खोल होतं. पण एवढं ऐकून पोर घाबरेल, असं मातीला वाटलं. डोंगरातली माणसं दमलेल्या वाटसरूला सांगतात, तसं ती म्हणाली, “हे काय, जवळच!”

रोप खूश झालं. त्याने बोटभर मूळ सोडलं आणि उरलेलं सगळं बळ पानांना दिलं.

उन्हाळ्यात खडे तापले. पानं पिवळी पडली.

“मावशी, जवळच म्हणालीस ना? मग लागत का नाही?”

“दोन हात खाली आहे रे राजा. आता तरी जा.”

“तेव्हाच सांगायचंस ना! तेव्हा मी गेलो असतो.”

तरीही रोपाने मूळ खाली ढकललं. ते आणखी तांदळाच्या दाण्याएवढंच वाढलं आणि बळ संपून थांबलं.